आमची वाटचाल : गॅरंटीशिवाय

सांगलीत आमचं समुपदेशन केंद्र सुरू झालं ते एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात. दुपारी त्यांची ओपीडी बंद असायची, तेवढा वेळ तपासणीची खोली आमची. भाडं त्यांनी कधी घेतलं नाही, पण त्याहून मोठा आधार म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या. 'टीएसएच नॉर्मल. हिमोग्लोबिन ९, गोळ्या चालू. ईसीजी ठीक. झोप नाही, धडधड.' एवढं हातात असलं की कामाला दिशा मिळायची. टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड मंदावलं की माणूस उदास, मरगळलेला दिसतो. बी-१२ कमी असलं तरी थकवा आणि विसराळूपणा येतो. ते न तपासता विचारांवर काम सुरू केलं तर महिने वाया जातात आणि क्लायंट स्वतःलाच दोष देत बसतो.

आमची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे आरईबीटी: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार तपासायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली, महाराष्ट्रात रुजवली कि. मो. फडके यांनी. आमचं मुख्य हत्यार शंभर पानी वही. पानावर तीन रकाने: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मग काय वाटलं आणि काय केलं. दुसऱ्या रकान्यात बहुतेक जण 'वाईट वाटलं' लिहितात. ते तिसऱ्यात हलवून इथे वाक्यच लिहून घ्यावं लागतं: 'साहेबांनी मला सगळ्यांसमोर बोलता कामा नये, बोलले म्हणजे माझी काही किंमत उरली नाही.' आता इच्छा, हट्ट आणि स्वतःवर मारलेला शिक्का वेगळे करता येतात. साहेबांनी नीट बोलावं ही इच्छा रास्त आहे. त्यांनी तसंच वागलं पाहिजे, हे कशावरून? आणि त्यांच्या एका वाक्याने तुमची सगळी किंमत कशी ठरते? एका बैठकीत असं एकच वाक्य घ्यायचं. नवे समुपदेशक चार घेतात आणि वकिलासारखे वाद घालतात. क्लायंट 'पटलं, पटलं' म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही.

पहिल्या बैठकीत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली मराठीतून भरून घेतो. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, कमाल २७. १० किंवा अधिक आले तर सविस्तर तपासणी. २० च्या वर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच. पण बेरजेआधी नववा प्रश्न बघायचा. तो मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एकूण ६ असले तरी तिथे ० सोडून काहीही असेल तर थेट विचारायचं: विचार किती वेळा येतो, कसं करायचं ते ठरवलंय का? आमच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरातच असतात; ती त्याच दिवशी घरच्यांकरवी कुलपात टाकायला लावायची. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट केलेलं असतं. विचारल्याने असे विचार डोक्यात भरतात, ही भीती निराधार आहे.

पुढे स्वतःची जागा घेतली, काम सुरळीत चाललं. मग आमच्याकडेच तयार झालेल्या एका सहकाऱ्याने जवळच केंद्र थाटलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना अपॉइंटमेंटची वही नेली. नाव आणि फोन शेजारी शेजारी. क्लायंटना फोन गेले. ज्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या घरीही गेले. चौकात फ्लेक्स लागला, 'तीन बैठकांत नैराश्य गायब, गॅरंटीसह'. तीन बैठका तर आमच्या तीन रकान्यांच्या वहीतला दुसरा रकाना नीट भरायलाच लागतात! फोन नंबर आमच्याकडून गेलेले, म्हणून बोभाटा मात्र आमच्या नावाचा झाला. दुपारच्या वेळा रिकाम्या, भाडं थकलेलं, केंद्र बंद करण्याची भाषा सुरू झाली. त्या काळात डॉक्टरांनी एकही चिठ्ठी दुसरीकडे वळवली नाही. केंद्र तगलं ते त्यांच्यामुळे, हे आम्ही कुणालाही सांगतो. त्या नेलेल्या वहीबद्दल आजवर कुणी दिलगिरीचा शब्दही काढलेला नाही.

आता फाइलवर फक्त क्रमांक असतो. क्रमांक आणि नावाची जोडणी वेगळ्या कपाटात, किल्ली एकाकडेच. फोन क्लायंटने सांगितलेल्या वेळेतच करायचा, दुसऱ्याने उचलला तर केंद्राचं नाव घ्यायचं नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

नवीन केंद्र काढणाऱ्यांनी आणखी थोडं ऐकावं. खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या ठेवा. मध्ये टेबल नको. घड्याळ क्लायंटच्या मागच्या भिंतीवर लावा, म्हणजे मनगटाकडे बघावं लागत नाही. बैठक ५० मिनिटांची, उरलेली १० नोंदीसाठी. नोंद संध्याकाळवर ढकललीत तर क्लायंटचे नेमके शब्द हरवतात. फी पहिल्या फोनवरच सांगा. आणि मदत शोधणाऱ्यांनी पदवी विचारायला संकोचू नये. पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस तो लगेच दाखवतो.