रेसच्या बाईकला प्लग निवडताना

इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशनचं प्रमाण ११ वरून साडेबारापर्यंत नेलं, मोठा कार्ब्युरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. एवढं झाल्यावर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला स्पार्क प्लग, एनजीकेचा सीआर८ई, याच इंजिनाला अजून चालेल का हा प्रश्न आलाच. सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं इरिडियम टाक, पिकअप वाढतो. कुणी म्हणालं रेसची गाडी आहे, थेट दहा नंबर लाव. प्लगचं टोक किती तापतंय हे मात्र कुणीच विचारलं नाही, आणि खरा प्रश्न तेवढाच होता.

प्लगमुळे पॉवर वाढते यावर माझा विश्वास नाही. इग्निशन धडधाकट असेल तर साधा निकेलचा प्लगही मिश्रण पेटवतो, आणि एकदा पेटलेलं मिश्रण महागड्या प्लगने जास्त पेटत नाही. चुकीचा प्लग मात्र पिस्टनला भोक पाडू शकतो. म्हणून निवडीची सुरुवात हीट रेंजपासून, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर काढतो तिथपासून, केली. सीआर८ईमधला ८ हा त्याचाच नंबर.

प्लगच्या आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं; तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते. तो थंड प्लग. टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याच्या खाली कार्बन जळून जात नाही, चिनीमातीवर साचतो, आणि करंट गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, ओलांडायच्या ऐवजी त्या काजळीवरूनच गळतो. वर गेलं तर टोकच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि समोरून स्फोट. एका नंबरने टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, त्यामुळे दोन नंबरांची उडी डोळे झाकून मारायची नाही हे आधीच ठरवलं.

नंबरांचा घोळही समजून घ्यावा लागतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड; बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. शिवाय डेन्सोचे आकडे वेगळ्याच पट्टीतले: तिथला २४ म्हणजे एनजीकेचा ८, २७ म्हणजे ९ आणि ३१ म्हणजे १०. अक्षरांनाही अर्थ आहे. सी म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, डी म्हणजे १२, बी म्हणजे १४. शेवटचा ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एच असेल तर १२.७. लांबी चुकली तर नंबर बरोबर असून उपयोग नाही. आखूड प्लग लावला की हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात. लांब लावला की आटे चेंबरमध्ये डोकावतात, लाल होतात, कधी पिस्टनशी गाठ पडते. मधला पी म्हणजे टोक पुढे आलेलं. हेड घासल्यावर आणि पिस्टनचा घुमट उंच असल्यावर तो पी मी टाळला.

आर म्हणजे आत रेझिस्टर, साधारण ५ किलोओहमचा. तो नसलेला प्लग घेतला तर ठिणगी जोरदार येते असं ऐकवणारे भेटले. पण माझं इग्निशन डिजिटल आहे, आणि प्लगचा विजेचा गोंगाट त्याच्या डोक्यात गेला तर गाडी कुठे चुकते हे शोधण्यात आख्खा दिवस जातो. आर ठेवला.

मग चाचणी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आधी पक्कं केलं, कारण टायमिंग पुढे नेलं की प्लगवरची खूणही सरकते. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र, मुद्दाम थोडा मोठा, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) बाजूला. नवा प्लग, लांब सरळ पट्टा, टॉप गिअर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आणि पट्ट्याच्या शेवटी क्लच दाबणं व किल स्विच मारणं एकाच क्षणी. याला प्लग चॉप म्हणतात. इंजिन चालू ठेवून पिटपर्यंत आलात तर प्लग आयडलिंगची गोष्ट सांगतो, फुल थ्रॉटलची नाही.

चिनीमातीच्या टोकाचा चॉकलेटी रंग शोधण्यात मी वेळ घालवला नाही. शिसेविरहित पेट्रोलवर नवा प्लग इतक्या लवकर रंगतच नाही. बाहेरच्या वाकड्या पट्टीवर, म्हणजे अर्थच्या इलेक्ट्रोडवर, उष्णतेने रंग बदलल्याची एक रेघ पडते, ती पाहायची. रेघ टोकाजवळ असेल तर प्लग फार थंड, पट्टीच्या वळणापाशी असेल तर योग्य, आट्यांजवळ मुळाशी असेल तर फार गरम. मिश्रण कसं आहे ते चिनीमातीच्या अगदी तळाशी, भिंगातून दिसणाऱ्या कड्यावरून कळतं. आणि चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर प्लगचा विचार सोडून आधी इंजिन वाचवायचं. ते डेटोनेशन आहे, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी झटक्याने फुटतंय.

आठ नंबरवर रेघ मुळाला टेकली होती. नऊवर ती वळणापाशी आली. दहाही लावून पाहिला. ट्रॅकवर तक्रार नव्हती, पण शर्यत सुरू होण्याची वाट पाहत आयडलिंगवर उभं राहिलं की गाडी फटफट करायची, थ्रॉटल दिला की अडखळायची. जुन्या टू-स्ट्रोकच्या काळात गरम प्लगवर इंजिन तापवून मग शर्यतीचा थंड प्लग लावत. माझ्या गाडीत टाकी उचलल्याशिवाय प्लग दिसतही नाही. सीआर९ई ठरला.

गॅप कंपनीच्या ०.७ वरून ०.६ केला. कॉम्प्रेशन वाढलं की तोच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि वरच्या आरपीएमला कॉइलला भरायला वेळ कमी मिळतो. इरिडियमचा खरा फायदा इथेच: टोक बारीक असल्याने कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. कॉइल कमजोर असेल तर जरूर घ्या. पण ते टोक ठिसूळ असतं, गॅप करताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत कोंबला की तुटतं. जेट बदलून मिश्रण जुळवणं (जेटिंग) चालू असताना सारखे प्लग बदलायचे तर निकेलच बरा.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो. थंड हवेमुळे किंवा पेट्रोल बदलल्यामुळे तळाचं कडं नाहीसं झालं आणि चिनीमाती पांढरीफटक दिसली, तर आधी जेट वाढवतो. लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण थंड प्लगखाली झाकता येतं, पण पिस्टन तापायचा तो तापतोच.

बसवताना इंजिन थंड, पहिले आटे हातानेच, मग टॉर्क पाना १० ते १२ न्यूटन-मीटरवर. आट्यांना ग्रीस लावत नाही. लावलं की तोच पाना प्लग जास्त आवळतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. काढलेला प्रत्येक प्लग पुडीत ठेवतो, आणि पुडीवर जेटचा नंबर, गॅप आणि त्या दिवसाचं तापमान लिहितो.