यादी

वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र नंतर लिहू. आधी यादी करा. काय आहे, कुठं आहे, कुणाच्या नावावर आहे, आणि देणं काय आहे." मला वाटलं, आमच्याकडं असून असून काय असणार? एका पानात आटपेल. पान एकच लागलं, पण ते भरायला अठरा दिवस गेले.

हे एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. वय ७३. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. "किमो नको, घरी चला," हे त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी, दुखो न दुखो. सोबत पोट साफ व्हायचं औषधही रोज. ते चुकवू नका हो कुणी. आम्ही दोन दिवस चुकवलं, तर दुखण्यापेक्षा त्याचेच हाल जास्त झाले.

यादीची सुरुवात बँकेनं झाली. जुन्या खात्याला नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचंच नाव. त्या १९९९ साली गेल्या! बँकेतला माणूस म्हणाला, "काकांना घेऊन या." खाटेवरून उठवत नाही त्या माणसाला कुठं नेणार? सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच सांगितलंय. मुलीनं ते मोबाइलवर दाखवलं, तेव्हा दोन दिवसांनी एक मुलगा फॉर्म घेऊन घरी आला. वकीलबाईंनी आणखी एक समजावलं : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते कुणाचे हे मृत्युपत्रानं नाहीतर वारसा कायद्यानं ठरतं. इतकी वर्षं मी उलटंच धरून चालले होते.

मग आलं शेत. कोरेगाव तालुक्यातली सव्वा एकर, दिरांसोबत सामाईक. मुलीनं पंधरा रुपये भरून सातबारा काढला. त्यावर यांचं नावच नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटरची चूक असेल. तलाठ्याकडून फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, आणला. सन २०००, हक्कसोडपत्र, खाली यांची सही. ती मी ओळखते, 'र'ची शेपटी लांब ओढायची सवय होती त्यांना.

त्या शेतात विहिरीच्या पूर्वेला मी दोन खोल्या बांधल्या होत्या. मनातल्या मनात, पंचवीस वर्षं. पडवी कुठं, चूल कुठं, तुळस कुठं, दर दिवाळीला यांना ऐकवायची. हे "हं" म्हणायचे.

चार दिवस मी बोलले नाही. गोळी द्यायची, पाणी द्यायचं, कूस बदलायची, पण तोंडातून शब्द नाही. पाचव्या रात्री दोनच्या गोळीला तेच म्हणाले, "आईचं हागणं-मुतणं भावानं काढलं. मी काय केलं? महिन्याला दोनशेची मनिऑर्डर. कुठल्या तोंडानं हिस्सा मागू?"

"दिलात त्याचं काही नाही. मला का नाही सांगितलंत?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तू इतक्यांदा बांधलंस ते घर. पाडायचा धीर झाला नाही."

राग गेला असं नाही. पण माझंही एक होतं, ते मी तेव्हाच उठून आणलं. तांदळाच्या डब्यातली पोस्टाची पासबुकं, पहिल्यापासूनची सगळी. २००३ साली यांना पहिला झटका आला, तेव्हापासून मी भिशीतून आणि शिवणातून वाचवून आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक पैसे टाकायचं खातं, भरत होते. पाच वर्षं झाली की मोडायची, टाइम डिपॉझिटला टाकायची, पुन्हा नवी काढायची. एक लाख ८६ हजार. मुलीलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी पहिलं पासबुक डोळ्यांजवळ धरून तारीख वाचली. "झटक्यानंतर महिन्याभरात?"

"हो."

"म्हणजे माझ्या जाण्याची तयारी तू वीस वर्षं आधीच धरलीस," म्हणाले आणि हसायला लागले. हसताना पोटात कळ आली, तरी थांबेनात. मला रडू येत होतं आणि हसूही. सहाची गोळी त्या दिवशी साडेसहाला दिली.

मृत्युपत्र साध्या कागदावर झालं. नोंदणीची सक्ती नाही. साक्षीदार मात्र दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीला राहू नये असं बाईंनी बजावलं. म्हणून एक डॉक्टर, एक शेजारचे गुरुजी. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला. यादीत शेताची ओळ होती, ती यांनी स्वतः खोडली.

अकरा दिवसांनी पहाटे गेले. मरण घरी आलं की नेहमीच्या डॉक्टरांचा मरणाच्या कारणाचा कागद लागतो, ४-अ म्हणतात त्याला. तो आधीच सांगून ठेवला होता म्हणून स्मशानात अडलं नाही. नोंद २१ दिवसांत करायची असते, आम्ही तिसऱ्या दिवशी केली आणि दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या. आठ लागल्या. पेन्शनसाठी १०-डी फॉर्म भरला. ईपीएसची, म्हणजे पीएफवाली पेन्शन, ती आता निम्मी मिळते.

सावडायला दीर आले होते. रक्षा गोळा करून झाली, तेव्हा थोडी बाजूला काढून घाबरतच म्हणाले, "वहिनी, एवढी शेतात टाकू का? वर आंबा लावतो." मला सगळं कळलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"टाका भाऊजी," मी म्हटलं. "विहिरीच्या पूर्वेला टाका."