नवरंग नोंदी : ठिबक्यावर काथ्याचा उतारा

मंडळी, जुलैचं रेकॉर्डिंग अखेर ऐकण्याजोगं निघालं! नवरंग पक्ष्याची ‘वीट-ट्यू’ शीळ स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या आलेखावर) अगदी स्वच्छ.

पेच जुनाच. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतून वर सरकणारे नवरंग मेअखेरीस कोकणात जागोजागी शीळ घालतात. त्यातले काही पुढे जाणारे वाटसरू, काही इथेच घरटं करणारे. नर-मादी सारखेच, त्यामुळे नुसतं दिसून भागत नाही. त्याच जागी जुलैतही शीळ चालू राहते का, हे बघावं लागतं आणि नेमका तेव्हाच ऑडिओमॉथ (झाडाला बांधून ठेवलेला छोटा रेकॉर्डर) बहिरा होतो.

पाऊस थांबला तरी झाड गळत राहतं. रेकॉर्डरच्या पेटीवर थेंब पडला की स्पेक्ट्रोग्रामवर खालपासून वरपर्यंत उभी रेघ उमटते आणि शीळ तिच्यात गडप होते. रातकिडे परवडले, वरच्या पट्टीत असतात, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) लावून कापता येतात. थेंबाला फिल्टर चालत नाही. झिपची पिशवी तर ताशासारखी वाजते.

आता जमलं ते असं : पेटी आणि खोड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा, म्हणजे ओघळ मागून जातो. वर वीतभर अंतरावर तिरपं छप्पर, त्यावर दोन बोटं जाड काथ्या. कच्चा काथ्याच घ्या. कुंड्यांसाठी मिळणाऱ्या चकत्या फार पातळ. माइकचं भोक मोकळं ठेवा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) १६ किलोहर्ट्झ पुरतो, मिनिटाला साधारण २ एमबी. पहाट-संध्याकाळ मिळून रोज ३ तास धरले तर ३२ जीबीत जवळजवळ ३ महिने मावतात.

ओढ्याकाठच्या करवंदीत शीळ जुलैतही आहे. वरचा उतार जूनच्या मध्यापासून गप्प. तिथला पातेरा (गळलेली सुकी पानं) राबासाठी, म्हणजे शेतात भाजायला, गोळा होतो. नवरंग पातेरा उलथूनच किडे-गांडुळं टिपतो आणि त्याचं गोल घरटंही सुक्या पानांचं. पातेरा गेला की चारा आणि सामान दोन्ही गेलं. अर्थात शीळ म्हणजे वीण नव्हे. बऱ्याच पक्ष्यांत जोडी न मिळालेला नर जास्तच गातो. चोचीतून पानं किंवा गांडुळं नेताना लांबून दिसली तरच नोंद पक्की. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणं या दिवसांत अजिबात नको.

दुसरा रेकॉर्डर काजूच्या बागेत लावायचा होता. पण ओढ्याकाठी ओल आणि पातेरा दोन्ही आहेत, मग नवरंग कशामुळे टिकला? उतारावरच्या देवराईत ओढा नाही, पातेरा मात्र कुणी उचलत नाही. तेव्हा काजू राहू दे, गावकऱ्यांना विचारून रेकॉर्डर देवराईतच लावतो.