बॅकस्ट्रोकचा वेग: आधी कंबर, हात नंतर

मोठेपणी बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं, सुधारायला घेतला की हात जोरात फिरवायचा मोह होतो. मी हातांकडे सगळ्यात शेवटी वळले. कंबर खाली असेल तर हातांची बरीचशी ताकद नुसता पाण्याचा अडथळा कापण्यात जाते, आणि वेग मात्र आहे तिथेच राहतो.

कंबर खाली जाते ती बहुतेक वेळा मानेमुळे. पाय दिसावेत म्हणून डोकं उचललं की शरीर खुर्चीत बसल्यासारखं मोडतं. कान पाण्यात, नजर सरळ वर, हनुवटी ना छातीला टेकलेली ना आकाशाकडे ताणलेली. कपाळावर प्लॅस्टिकचा अर्धा भरलेला पेला ठेवून आधी नुसती किक आणि मग हातांसह पोहायचं. पेला पडतो तो हात पाण्यात शिरताना, कारण खांद्याबरोबर डोकंही वळतं. खांदे वळायलाच हवेत, पण डोकं जागचं हलता कामा नये.

किक मांडीच्या मुळापासून. गुडघा पाण्याबाहेर दिसला तर तुम्ही सायकल चालवताय. पाय खाली जाताना जवळजवळ सरळ असतो. वर येताना गुडघा किंचित वाकतो आणि पंजा पाणी मागे-वर फेकतो. खरा जोर या वर येण्यात आहे. मोठ्यांचे घोटे ताठ असतात, पंजे ताणले जात नाहीत, म्हणून कितीही किक मारली तरी माणूस जागेवरच. वज्रासनात बसून घोटे सैल करण्याचा फायदा सावकाश होतो, पण होतो. आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) एक-दोन लॅपपुरते ठीक. जास्त वापरले की सगळ्या चुका झाकल्या जातात.

यानंतर अंगाचं वळण, म्हणजे कुशीवर कलणं. खांदे आणि कंबर एकत्र, साधारण 30 ते 45 अंश. एक हात पुढे, दुसरा मांडीजवळ, कुशीवर सहा किक, मग बाजू बदलायची. हा ड्रिल कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते याच्याइतकं दुसऱ्या कशानेच साधत नाही. लक्ष एकाच गोष्टीवर: मांडीजवळचा खांदा आधी पाण्याबाहेर येतो, हात त्याच्या मागून, अंगठा वर ठेवून.

आता हात. करंगळी आधी शिरते, घड्याळातल्या 11 आणि 1 च्या जागी. खांदा ताठ असेल तर 10 आणि 2 वर शिरला तरी चालेल. डोक्यामागे मधली रेषा मात्र ओलांडायची नाही, नाहीतर शरीर नागमोडी जातं आणि लेनचा दोर लागत राहतो. शिरल्यावर हात बाजूने फूटभर खाली जातो. मग कोपर वाकतं, त्याचं टोक तळाकडे आणि बोटं बाजूच्या भिंतीकडे. हात खांद्याच्या रेषेत आला की कोपराचा कोन 90 ते 110 अंश. तिथून तळवा पायांकडे ढकलत मांडीच्या बाजूला, कमरेच्या खाली संपवायचा. सरळ हाताने ओढलं तर आधी पाणी खाली दाबलं जातं आणि शेवटी वर उचललं जातं. शरीर हेलकावतं, खांदाही दुखतो. ओढताना बोटं पृष्ठभाग फोडत असतील तर दोष हाताचा नाही, वळण कमी पडतंय. लेन रिकामी असेल तर उताणं पडून लेनचा दोर धरायचा आणि स्वतःला पुढे ओढायचं. कोपर आपोआप वाकतं, समजावून सांगावं लागत नाही.

श्वास एका हाताच्या रिकव्हरीला (हात पाण्याबाहेरून परत येताना) आत, दुसऱ्याच्या वेळी नाकाने बाहेर. नाकात पाणी जायचंही त्यामुळे कमी होतं.

हे जमल्यावरच टेम्पो, म्हणजे हात फिरण्याची गती. 25 मीटरचे आठ लॅप, मध्ये 20 ते 30 सेकंद विश्रांती. प्रत्येक वेळी स्ट्रोक आणि सेकंद दोन्ही मोजायचे. तेवढ्याच स्ट्रोकमध्ये वेळ कमी झाला तर प्रगती. स्ट्रोक तीन-चारने वाढले आणि वेळ तीच राहिली, तर हात पाणी न पकडता नुसते फिरताहेत. बहुतेकदा मांडीजवळ हात क्षणभर थांबतो, तो थांबा काढला की टेम्पो जोर न लावताही वाढतो.

भिंतीच्या 5 मीटर आधी वर झेंड्यांची माळ असते. तिथून भिंतीपर्यंतचे स्ट्रोक पूर्ण वेगात मोजायचे आणि टर्नसाठी साधारण दोन आधी पालथं व्हायचं. पालथं झाल्यावर एकच सलग ओढ आणि लगेच कोलांटी. मध्ये तरंगत किंवा किक मारत भिंत गाठली तर स्पर्धेत बाद. भिंत सोडताना पाठीवर, हात कानांमागे ताणलेले. 15 मीटरपर्यंत डोकं वर यायलाच हवं, पण बहुतेक प्रौढांनी तोवर खाली राहण्यात अर्थ नाही. चार-पाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून), आणि वेग उतरण्याआधी वर.

झेंड्यांपासूनची ही संख्या मी ताज्या दमाने एकदा आणि सेटच्या शेवटी एकदा मोजते. एकाचा फरक चालतो. दोनचा पडला तर दमल्यामुळे कोपर सरळ व्हायला लागलेलं असतं, आणि त्या दिवशी वेगाचे लॅप मी तिथेच थांबवते.