पाच ग्रॅमला पाच वर्षं

अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीय इतके जास्त का, असं विचारलं की आधी पोलिसांची दंडेली आठवते. ती आहेच. पण ज्या कायद्यात वंशाचा शब्दही नाही, त्यातल्या आकड्यांनी काय केलं तेही बघायला हवं.

जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनमुळे दगावला. त्यानं क्रॅक (कोकेनचे ओढायचे खडे) घेतल्याची बातमी पसरली. ते पावडर कोकेन होतं, हे पुढे त्याच्या सहखेळाडूच्या साक्षीतून आलं. तोवर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, घाईघाईत कायदा केला होता. ५ ग्रॅम क्रॅक विकायला बाळगलं तर किमान ५ वर्षं कैद. पावडरच्या बाबतीत तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागत. १० वर्षांसाठी क्रॅकचे ५० ग्रॅम, पावडरचे ५ किलो. १९८८ मध्ये तर ५ ग्रॅमहून जास्त क्रॅक नुसतं जवळ सापडलं तरी ५ वर्षं, असं ठरलं.

क्रॅक म्हणजे पावडरपासूनच बनवलेले खडे. द्रव्य तेच. ओढल्यावर नशा लवकर चढते आणि सुटा खडा स्वस्त पडतो, म्हणून तो शहरांतल्या गरीब वस्त्यांत विकला गेला. शिक्षा मात्र उलटी झाली: ४०० ग्रॅम पावडर पुरवणारा ठोक व्यापारी पाच वर्षांच्या कक्षेबाहेर, आणि त्याच मालाचे खडे नाक्यावर विकणारा पोरगा आत. २००६ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होते.

वजन शुद्ध कोकेनचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं धरतात. (आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातही एकूण मिश्रणच मोजायचं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला.) कटाचं कलम लागलं तर साथीदारांचा मालही आरोपीच्या खात्यात जमा होतो. किमान शिक्षेखाली उतरायला न्यायाधीशाकडे वाटा मोजक्याच. सरकारी वकिलाला तपासात मदत केली तर तो सवलतीचा अर्ज करू शकतो. पण नाक्यावरच्या पोराकडे सांगण्यासारखं असतं काय? वरच्या साखळीची नावं ठोक व्यापाऱ्याला माहीत, म्हणून सवलतही त्यालाच. १९९४ पासून किरकोळ पूर्वइतिहास असलेल्यांसाठी आणखी एक वाट निघाली, पण तिच्या अटी कडक होत्या.

खटला राज्याच्या न्यायालयात चालवायचा की फेडरल, हेही सरकारी पक्ष ठरवतो, आणि त्यावर वर्षांचा फरक पडतो. ही निवड वंश पाहून होते असं म्हणत, गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या लॉस एंजेलिसच्या सरकारी बचाव कार्यालयानं १९९१ मध्ये निकाली निघालेले आपले क्रॅकचे २४ खटले दाखवले. सगळे आरोपी कृष्णवर्णीय. सर्वोच्च न्यायालय १९९६ मध्ये म्हणालं: त्याच परिस्थितीतले इतर वंशाचे लोक सोडले गेले हे आधी दाखवा, मग सरकारी कागदपत्रं मागा. पण ते दाखवायला लागणारी माहिती असते त्याच कागदांत! माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या निकालानं केलं, कारण आकडे समोर असूनही विचारायची सोय उरली नाही.

फेडरल शिक्षांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या शिक्षा आयोगानं १९९५ मध्ये दोन्हींची वजनं समान करायला सांगितलं, काँग्रेसनं फेटाळलं. २०१० मध्ये ५ चे २८ ग्रॅम आणि ५० चे २८० झाले, नुसतं बाळगण्यावरची सक्तीची शिक्षाही गेली. १०० ला १ चं प्रमाण १८ ला १ वर आलं. जुन्या कैद्यांना हा लाभ मागायची वाट २०१८ मध्ये खुली झाली. त्यातही एक फट राहिली: ज्यांच्या कलमात वजनाची अटच नव्हती, म्हणजे सर्वात किरकोळ गुन्हेगार, ते बाहेर राहिले. चार ग्रॅमहून कमी क्रॅकवाल्या एका कैद्याचा अर्ज २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं नाकारला. ५० ग्रॅमवाला अर्ज करू शकत होता, हा नाही.

त्याच वर्षी प्रतिनिधीगृहानं दोन्ही वजनं समान करणारं विधेयक ३६१ विरुद्ध ६६ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं. ते पार पडलं असतं तरी त्यानं फक्त फेडरल खटले बदलले असते. राज्यांच्या न्यायालयांना त्यांचेच कायदे लागू राहिले असते.