भोकाचा दगड आणि आईचे गुडघे

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हजच्या दोन दिवसांबद्दल काही लिहीत नाही, निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात गेला आणि एका सीगलने बायकोच्या हातातली अर्धी पेस्टी (तिकडची सारण भरलेली मोठी करंजीच) पळवली, बास. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

कॉर्नवॉलच्या अगदी पश्चिम टोकाला पेनविथचा माळ आहे. कोकणातल्या सड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, झाड नावाला नाही, वारा पोटभर आणि कडेला समुद्र. ऑगस्टमध्ये हीदरची झुडपं जांभळी आणि गोर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक. बघायला झकास, पण चालवणाऱ्याने बघायचं कधी? बी ३३०६ रस्ता दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमधून असा आवळत जातो की समोरून ट्रॅक्टर आला की मागे मान वळवून रिव्हर्स, परत पुढे, परत रिव्हर्स. मोर्व्हा गावाला पोचेस्तोवर मी चिडचिडा झालो होतो.

तिथून मॅड्रनच्या रस्त्याला वळलो, मेन-अन-टोल बघायला. कॉर्निश भाषेत याचा अर्थच भोकाचा दगड. गाडी लावून कच्च्या वाटेने बरंच चालायचं, आईचे गुडघे दुखतात म्हणून म्हटलं तू गाडीतच बस, तर म्हणाली, "इतक्या लांब येऊन गाडीत बसायला मी काय छत्री आहे?"

पोचल्यावर माझा तर पोपटच झाला. दोन उभे दगड आणि मधे मेदूवड्यासारखा एक, उंची माझ्या छातीपर्यंतसुद्धा नाही. ब्राँझ युगातला असावा म्हणतात. पूर्वी मुडदूस झालेल्या पोरांना उघडं करून या भोकातून पलीकडे द्यायचे, आणि पाठ-कंबर धरलेली मोठी माणसं नऊ वेळा रांगत जायची, सूर्याच्या उलट दिशेने. हे मी आईला सांगायला नको होतं.

"उलट प्रदक्षिणा कसली? मी आपली सुलट जाते," म्हणत तिने पदर खोचला, वरून माझं रेनकोट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि चिखलात चक्क हातावर आली. भोक दीडेक फुटाचं. मी "आई, लोक बघतायत" म्हणतोय, लोक म्हणजे कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा, आणि ते टोपी काढून बाजूला उभे राहिले, देवळात राहावं तसे. ती पलीकडून निघाली, कोपरापर्यंत चिखल, आणि दगडावर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसली. मग मला म्हणाली, "तुझ्या लहानपणी असं काही सांगितलं असतं ना, तर तुलाही दिलं असतं इथून. काय काय नाही केलं तेव्हा." दोन वर्षांचा होईस्तोवर मी चालत नव्हतो, एवढंच ऐकून माहीत होतं.

एकदाच गेली, नऊ वेळा नाही. गुडघे होते तसेच आहेत.

पुढे लॅनयन क्वॉइट, म्हणजे उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवलेलं प्राचीन थडगं, अगदी रस्त्यालगत. त्याच्याखालून म्हणे घोडेस्वार जायचा, १८१५च्या वादळात पडलं, १८२४ला परत उभं केलं ते बुटकंच. संध्याकाळी बोटॅलक, कड्याला चिकटलेली खाणीची दोन इंजिनघरं, खाली फेसाळता समुद्र, आणि टिन-तांब्यासाठी माणसं त्या समुद्राच्याही खाली खणत गेलेली. खरं तर मी आलो होतो यासाठीच, पण फोटो काढताना लक्ष आईच्या वाळत चाललेल्या चिखलाच्या पदराकडे.

मी भोकातून गेलो नाही. पोट अडकलं असतं तर आजोबांना ओढायला लागलं असतं. रात्री मान मात्र माझीच धरली, त्या रिव्हर्सने, आणि बाम आईने लावला.