दौरा त्यांचा, गजर आमचा

आमच्या घरात 'दौरा' हा शब्द आधी साहेबांचा होता. आण्णा सांगलीत जिल्हा परिषदेत कारकून. साहेब दौऱ्यावर गेले की कचेरीत दुपारचा चहा दोनदा व्हायचा, असं ते स्वतःच सांगायचे. पुढे मला कळलं की भारताचा क्रिकेट संघही दौऱ्यावर जातो, पण त्या दौऱ्यात मागं राहिलेल्यांना सुख नाही. साहेब गेले की सुटी, संघ गेला की झोपमोड.

आईचा भूगोल त्यामुळे पक्का झाला. नकाशा तिनं कधी उघडून पाहिला नसेल. पण न्यूझीलंड म्हणजे रात्रीचे साडेतीन, ऑस्ट्रेलिया म्हणजे दूधवाला यायच्या आधी, दक्षिण आफ्रिका म्हणजे जेवून आडवं व्हायची वेळ, इंग्लंड म्हणजे दुपारचा चहा आणि वेस्ट इंडीज म्हणजे रात्रीची ताटं बाहेरच्या खोलीत, हे तिला तोंडपाठ. ऑस्ट्रेलियातलं पर्थ तिला त्यातल्या त्यात घरंदाज वाटायचं, कारण तिथला खेळ आठाच्या सुमाराला, अंघोळी उरकल्यावर सुरू होतो. मेलबर्न मात्र अवदसा. भर डिसेंबरात एवढ्या पहाटे उठायचं, ते कशाला, तर बसून राहायला!

१९७७-७८चा ऑस्ट्रेलिया दौरा मला कानांनी आठवतो. गावभागातलं आमचं जुनं घर, आण्णांचा चामडी कव्हरातला रेडिओ आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया. पोहरा विहिरीतून वर यावा तसा समालोचकाचा आवाज हळूहळू वर यायचा आणि कुणी बाद झालं की नेमका तेव्हाच पुन्हा तळाला जायचा. त्यावर आण्णांनी उपाय काढला होता. रेडिओच्या काडीला तांब्याची तार, ती खिडकीतून परसातल्या पेरूच्या झाडाला, आणि मध्ये मी. तार मी चिमटीत धरली की आवाज स्वच्छ व्हायचा. मी तिसरीत होतो, अंगावर आईची शाल, हात गारठलेला. "सोडू नकोस रे," एवढंच आण्णा अधूनमधून म्हणत.

त्या वर्षी केरी पॅकर या टीव्हीवाल्या उद्योगपतीनं ऑस्ट्रेलियाचे बरेच बडे खेळाडू स्वतःच्या वेगळ्या सामन्यांसाठी ओढले होते आणि उरलेल्यांना सांभाळायला एक्केचाळीस वर्षांचे बॉबी सिम्प्सन निवृत्तीतून परत आले होते. आपले कर्णधार बेदी. ब्रिस्बेनला आपण १६ धावांनी हरलो, पर्थला २ गड्यांनी. मग मेलबर्नला चंद्रशेखरनं दोन्ही डावांत ५२ धावांत ६ असे सारखेच बळी घेतले, सिडनीलाही जिंकलो, आणि २-२ अशा बरोबरीत गाडी अ‍ॅडलेडला आली. जिंकायला ४९३ हव्या होत्या. असला आकडा कुणी मनावर घेत नाही, पण आपले लोक एकेक करत पुढं सरकत राहिले आणि घरात बोलणं बंद झालं. शेवटच्या दिवशी माझ्या नाकाला खाज सुटली. मी क्षणभर तार सोडली, नाक खाजवलं, परत धरली. तेवढ्यात कोण गेलं ते आता आठवत नाही, पण गेलं. ४४५वर सगळे बाद. त्या ४७ धावा आमच्या घरात माझ्या नावावर मांडल्या गेल्या. दादा परवापरवापर्यंत ओळख करून देताना सांगायचा, "हा आमचा धाकटा. यानं अ‍ॅडलेड घालवलं."

आण्णांनी मला रागावलं नाही. त्यांनी त्या दिवशी मला विजय हजारे सांगितले.

हजारेंचा जन्म सांगलीचा, १९१५चा. अ‍ॅडलेडच्याच मैदानावर, जानेवारी १९४८मध्ये, स्वतंत्र भारताच्या पहिल्या दौऱ्यात, समोर ब्रॅडमनचा संघ. ऑस्ट्रेलियानं ६७४ धावांचा डोंगर रचला, त्यात खुद्द ब्रॅडमनच्या २०१. हजारेंनी पहिल्या डावात ११६ केल्या आणि दुसऱ्यात १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात आपल्या एकंदर धावा २७७, आणि सहा जणांच्या नावापुढं भोपळा. पहिल्या डावात दुसरं शतक कुणाचं, तर दत्तू फडकरांचं, आणि त्यांचा जन्म कोल्हापूरचा. म्हणजे त्या धावफलकावर मिरज-कोल्हापूर पॅसेंजर धावत होती म्हणायला हरकत नाही. "मग जिंकलो?" मी विचारलं. आण्णा म्हणाले, "छे. डावानं आणि १६ धावांनी हरलो."

दोन शतकं करून डावानं हरायचं! हे मला तेव्हा फार अन्यायाचं वाटलं होतं. आता वाटतं की दौरा म्हणजे काय ते यातच आलं. १९५२ साली तर याहून बिकट. लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद! इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमन, त्याचा तो पहिलाच कसोटी सामना. तिथून कर्णधार हजारेंनी ५६ केल्या आणि पुन्हा फडकर सोबतीला, त्यांच्या ६४. हरलोच. पण त्याच उन्हाळ्यात, पुढच्या महिन्यात, हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. गोळेश्वरवरून निघालेलं कृष्णेचं पाणी पुढं सांगलीला येतं. माझ्या दृष्टीनं त्या साली आमची नदीच परदेश दौऱ्यावर होती.

नदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्लंड-वेस्ट इंडीजचे दौरे नेमके आमच्या पुराच्या दिवसांत येतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टात सांगलीत "स्कोअर काय?" असं विचारलं, तर आधी कुठला ते ठरवावं लागतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. धावफलकासारखंच तासातासाला बघायचं, फक्त इथं आकडा वाढला की पोटात गोळा येतो. ८ ऑगस्ट २०१९ला आम्ही घर सोडून विश्रामबागेत मावसभावाकडे होतो. वीज नाही, फोन सगळ्यांचे मरणपंथाला. मावसभाऊ जिन्यातून ओरडला, "स्कोअर काय झाला?" मी म्हटलं, "छप्पनच्या पुढं." तो म्हणाला, "चांगलंय की, विकेट किती?" त्या दिवशी संध्याकाळी गयानाला वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना होता. तोही पावसानं वाहून गेला. जगाच्या दुसऱ्या टोकालाही आमच्यासाठी कोरडी जागा शिल्लक नव्हती.

मावसभावाची तासगावकडं द्राक्षबाग आहे. त्याचं ऑस्ट्रेलिया दौऱ्याशी वेगळंच नातं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे औषध मारायला उठावंच लागतं, तर कानात समालोचन. त्याला दोन आभाळं सांभाळावी लागतात. तिकडं हरायची वेळ आली की ढग हवेत, इकडं नकोत, कारण इकडं ढग म्हणजे द्राक्षावर डावणी आणि भुरी हे रोग. बायको त्याला म्हणते, "अहो, देवाला एकदाच काय ते नीट सांगा." १९ डिसेंबर २०२०ला अ‍ॅडलेडला (हो, पुन्हा अ‍ॅडलेड) सकाळी साडेनऊला खेळ सुरू झाला. मी कोपऱ्यावरून भडंग घेऊन गप्पा मारत परत येईतो आपला डाव ३६वर संपला होता. भडंगाची पुडी तशीच राहिली. बरोबर महिन्यानं, १९ जानेवारीला, ब्रिस्बेनला ३२८चा पाठलाग करून आपण जिंकलो. तिथं ऑस्ट्रेलिया १९८८पासून हरली नव्हती. ऋषभ पंत नाबाद ८९. मावसभावाचा फोन आला तेव्हा मागं औषध फवारायच्या ब्लोअरचा आवाज येत होता आणि तो काय बोलत होता ते मला एक अक्षर कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

आण्णा हे बघायला नव्हते. आई होती. ती आता ऐंशीच्या पुढं आहे आणि क्रिकेटबद्दलचं तिचं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. कारण एकच, सांगलीलगतचं माधवनगर. स्मृती मानधना तिथं वाढली. आई तिला कधी भेटलेली नाही, पण 'आपली माधवनगरची' असं म्हणते, जणू मुलगी दर गुरुवारी हळदीकुंकवाला येते.

२०२१च्या सप्टेंबरअखेर गोल्ड कोस्टला आपल्या मुलींची ऑस्ट्रेलियाशी कसोटी होती, गुलाबी चेंडूची, दिवस-रात्र. म्हणजे आपल्याकडं सकाळी दहाला सुरू. "शहाण्या मुलीसारखी वेळेवर खेळायला आली बघ," आई म्हणाली. अडचण एवढीच होती की घरात टीव्ही नव्हता. जुलैच्या पुरात तो मी माळ्यावर चढवून वाचवला होता आणि पाणी ओसरल्यावर खाली उतरवताना पाडला होता. तेव्हा फोनवर बघायचं ठरलं. पहिल्या दिवशी स्मृती नाबाद ८०. दुसऱ्या दिवशी आई साडेनऊलाच देवपूजा आटपून खुर्चीत. आणि माझा फोन चौदा टक्क्यांवर, चार्जरची पिन सैल. वायर एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच चार्ज होई.

मी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वायर दाबून धरली. आईनं चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. नव्वदीत पोचल्यावर मात्र म्हणाली, "नाकाला हात लावू नकोस."

शतक झालं. भारताच्या मुलीचं ऑस्ट्रेलियातलं ते पहिलं कसोटी शतक. आईनं हात जोडले, मग डोळे पुसले, मग मला म्हणाली, "सोडू नकोस अजून." बोटांना मुंग्या आल्या होत्या. नाकही खाजत होतं.

१२७वर ती बाद झाली. तेव्हा वायर माझ्या हातात होती. हे मी आईला दोनदा सांगितलं, आणि संध्याकाळी दादाला फोन करून पुन्हा सांगितलं.